उजवीकडचा चंद्रदेव

तेमेना, आर्तेमिसिओन महिन्याचा सहावा दिवस

मेल्तिनेकडून अम्मियाताईला. तू, दाजी आणि घरातली सगळी बरी असाल, असं धरून लिहिते. मी बरी आहे. आप्पाही बरे आहेत. हे पत्र मी लिहिते आहे हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून त्यांचा आशीर्वाद लिहीत नाही. न दिलेला आशीर्वाद लिहिणं मला जमायचं नाही.

हे तुला तुमच्या देवळातले मास्तर वाचून दाखवत असतील. मास्तर, नमस्कार. कागद लहान आहे म्हणून अक्षर बारीक काढलंय. माझ्या ताईला एका दमात ऐकायची सवय नाही, ती मध्येच उठून चुलीकडे जाते. ती परत येईपर्यंत थांबावं, ही विनंती.

ताई, आपल्या दोन गावांचा समेट होतो आहे. हे ऐकीव नाही. मी ज्यांच्याकडे लिहायचं-वाचायचं काम करते त्या आत्तालिस बाईसाहेब आमच्या सिंहवाल्या आईच्या पुजारीण आहेत, आणि समेटाचा पहिला मसुदा त्यांनी सांगितला तो माझ्याच पाटीवर उतरला. एफेसस शहरातल्या मिरवणुकीत पुढे कोणी चालायचं यावरून मारामारी झाली, त्याला आता आठ वर्षं होतील. त्यात दगड लागून आप्पांचे दोन दात गेले, आणि तेव्हापासून लागिसाच्या माणसाला आमच्या वेशीत पाऊल टाकता येत नाही, तेमेनाच्याला तुमच्या. तो दगड दाजींनी मारला नव्हता हे तू शंभरदा सांगितलंस. मला ते पटतं. आप्पांना पटत नाही, आणि त्यातच तू दाजींबरोबर लागिसाला निघून गेलीस.

आता असं ठरलंय की दोन्ही गावांचं मिळून एक कांस्याचं नाणं पाडायचं. एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला आमची सिंहवाली आणि तुमचा चंद्रदेव एकमेकांचा हात हातात घेऊन उभे. ते नाणं दोन्ही बाजारांत चालेल. आजवर आमचं नाणं तुमच्या कोळणीनं नाक मुरडून परत केलं, तुमचं आमच्या तेल्यानं. पानेमोस महिन्याच्या सणाला दोन्ही देव दोन गावांमधल्या पुलावर येतील, आणि त्या दिवसापासून वेशी उघडतील.

म्हणजे तू घरी येऊ शकशील. एवढं सांगायलाच हे पत्र आहे.

धातू बाईसाहेब देणार आहेत, नाण्यावर त्यांचं नाव येईल. आणि ठसा कोण कोरणार? एफेससहून कारागीर मागवावा असं दोघं-तिघं म्हणाले. बाईसाहेबांनी विचारलं, "आपल्या गावात पापियास असताना?" तिथेच ते ठरलं. मी पाटीवर आप्पांचं नाव लिहिलं. आपल्या घरातलं नाव गावाच्या कागदावर लिहिण्याची माझी पहिलीच वेळ. थोडं मोठंच लिहिलं गेलं.

तुझी मेल्तिने


तेमेना, आर्तेमिसिओनचा एकोणिसावा दिवस

ताई, खेचरवाला थिओन दोन्ही गावांचा नाही म्हणून बरं, त्याला वेशीत कोणी अडवत नाही. त्यानं तुझा निरोप जसाच्या तसा पोचवला. अंगणात उभा राहून, कमरेवर हात ठेवून, तुझ्या आवाजात: "तिला म्हणावं, आप्पांनी बोलावलंय का? नाही ना? मग तू कोण बोलावणारी? चार अक्षरं शिकलीस म्हणून घरातली थोरली झालीस का?"

आधी मला हसू आलं, मग नाही आलं. तुझं बरोबर आहे. मी बोलावून उपयोग नाही, हे मला कळतं.

आप्पा कसे आहेत, हे तू विचारलं नाहीस. पण थिओन म्हणाला, "विचारलं नाही खरं, पण मी उठायला लागलो की बस म्हणायची. तीनदा मसूर वाढली. मी आपलं मिळेल तेवढं खाल्लं आणि येईल तेवढं बोललो." म्हणून मीही न विचारलेलं सांगते.

ते सकाळी ऊन दारात आलं की बसतात आणि ऊन भिंतीवर चढलं की उठतात. समोर काही चित्र ठेवत नाहीत. पोलादाच्या तोंडावर छिन्नीची टोकं टिकटिकत राहतात, मध्येच ते फुंकर घालतात, मेणाचा गोळा ठशावर दाबून पाहतात. आधी ते मेण मला दाखवायचे, "बघ गं, सिंहाची आयाळ फार झाली का?" या वेळी दाबतात आणि लगेच मळून टाकतात. मी विचारलं तर म्हणाले, "मोठं काम आहे. झाल्यावर बघ." ग्लिकोन सांगतो, सिंहाच्या पंजाची नखंही मोजून चार काढलीत, ठशावर पंजा केवढा, तर मसुरीच्या डाळीएवढा. ताई, असं काम आपल्या बापाखेरीज मिआंदर नदीच्या दोन्ही काठांवर कोणाला येत नाही. हे मी मुलगी म्हणून लिहीत नाही, चार गावांची नाणी हातात घेऊन पाहिलीत म्हणून लिहिते.

घण अजून ग्लिकोनच मारतो. तू गेलीस तेव्हा होता त्याच्या दुप्पट झालाय. काल मला म्हणाला, "काय पंडित, लागिसाच्या चंद्रदेवाला नाक किती मोठं काढायचं?"

मी म्हटलं, "देवाचं नाक देवाला शोभेल एवढं."

"मग त्याच्या गावकऱ्यांची कुठून आली तेवढी?"

आप्पांनी मान वर केली नाही. म्हणाले, "ग्लिकोन, भाता मार. तोंडानं हवा फुकट जाते."

पूर्वी अशा विनोदाला ते हसायचे. या वेळी हसले नाहीत, एवढंच मी पाहिलं. त्याचा काही अर्थ आहे की नाही, मला माहीत नाही.

मास्तर, नाकाचा विनोद वगळला असलात तर हरकत नाही. पण लिहिताना गाळणं मला योग्य वाटलं नाही.

मेल्तिने


तेमेना, दाइसिओस महिन्याचा तिसरा दिवस

ताई, हे पत्र मी आज पाठवणार नाही. मास्तर, पुढेमागे हे तुमच्या हाती आलंच तर राग नसावा. तुमच्यावर संशय नाही, पण तुम्ही चंद्रदेवाच्या देवळाचे आहात आणि यातली गोष्ट तुमच्या देवाच्या फायद्याची आहे.

आज ठसा बघायला सभेची तीन माणसं आली होती. पुढे लोकरीचे व्यापारी मेनोफिलोस. समेटाच्या ठरावात एक कलम आहे: नाण्यावर सिंहवाली आई उजवीकडे उभी असेल. उजवी बाजू मानाची, त्यामुळे या एका कलमावर आमची सभा दोन दिवस भांडली. लागिसाचे वकील म्हणून, खास परवानगीनं, हेर्मोलाओस नावाचे म्हातारे गृहस्थ आलेत. ते शेवटी म्हणाले, "धातू तुमचा, कारागीर तुमचा, घ्या उजवी बाजू." पण ते कसं म्हणाले ते ऐकायला हवं होतं. माणूस दात उपटून घेतो तसं.

तर मेनोफिलोसांनी ठसा दारातल्या उन्हात धरला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"वा! आपली आई उजवीकडे. ठरावात आहे अगदी तशी. पापियास, तुझ्या हाताला तोड नाही."

आप्पा म्हणाले, "नीट बघून घ्या."

"पाहिलं की."

"पुन्हा एकदा बघा."

"अरे, माझे डोळे अजून शाबूत आहेत!"

बाकीच्या दोघांनीही पाहिलं, माना डोलावल्या, अंजीर खाल्ले आणि गेले.

ताई, तू या घरात वाढलीस, तुला समजावून सांगायला नको. ठशावर उजवं ते नाण्यावर डावं. ही माणसं दर वेळी ठशावरची अक्षरं पाहून हसतात, "पापियास, उलटं लिहितोस रे!" म्हणजे त्यांना ठाऊक असतं. पण आप्पा अक्षरं शेवटी कोरतात, मी आखून दिल्यावर. आज ठशावर अक्षर नव्हतं, नुसते देव होते. आणि आपला देव उजवीकडे दिसल्यावर कोणाला पुढचं सुचलंच नाही.

नाणं पडेल तेव्हा उजवीकडे उभा असेल तुमचा चंद्रदेव. आमची आई डावीकडे.

आप्पांची चूक झाली असेल, हे मी अर्धा दिवस स्वतःला पटवत होते. तीस वर्षांत त्यांनी बैलाचं डावं शिंगसुद्धा उजवीकडे जाऊ दिलेलं नाही. आणि चूक असती, तर "पुन्हा एकदा बघा" असं ते कशाला म्हणाले असते? आप्पा खोटं बोलले नाहीत, हे मी जपून लिहिते. त्यांनी दोनदा बघायला सांगितलं. पण खरंही सांगितलं नाही.


तेमेना, दाइसिओसचा दहावा दिवस

हेही इथेच ठेवते आहे.

काल धीर करून मी आप्पांच्या शेजारी जाऊन बसले.

"आप्पा, ठसा…"

"अक्षरं आखलीस?"

"आखते. पण आपली सिंहवाली…"

"तू अक्षरं बघ, मेल्तिने. चित्र माझं आहे."

पुढे बोलायची सोय ठेवली नाही. ग्लिकोनला विचारलं, तर तो छताकडे बघत म्हणाला, "मी घण मारतो. बघायचं काम माझ्याकडे कधी दिलेलं नाही." म्हणजे त्यालाही ठाऊक आहे.

आणि आज बाईसाहेबांनी मला सांगितलं की परवा सभेत ठरावावर त्यांची मोहर उठेल, त्याआधी ठरावाखाली मी एक ओळ लिहायची: "ठसा पाहिला, ठरावाप्रमाणे आहे." त्या म्हणाल्या, "तुझं अक्षर चांगलं आहे आणि तू त्याच घरातली आहेस. तू लिहिलंस की कोणी शंका घेणार नाही."

ताई, ही ओळ मी लिहिली तर ती खोटी. आणि नाणी बाजारात आली की आठ दिवसांत कोणाच्या तरी लक्षात येईल. मग गाव आप्पांना फसवा म्हणेल, तुमचं गाव हसेल, आणि पुन्हा दगड उचलले जातील. नाही लिहिली, तर समेट परवाच मोडेल. वेशी बंदच राहतील. तू आणखी आठ वर्षं यायची नाहीस, आणि आप्पा आता साठीला आले. दोन्हीकडून तूच दूर जातेस.

तू म्हणशील, एक ओळ तर आहे, लिहून टाक. कोणाला कळतंय. म्हणून तुला एक गोष्ट सांगते, जी सांगायला मला सात वर्षं लागली.

आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते, शाळेत जाऊन दुसरंच वर्ष. तुला कळवायचं होतं. आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "लिही. आई गेली. तू येऊ नकोस." मी लिहिलं. शाळेत तसंच शिकवलं होतं, सांगितलेलं शब्द न् शब्द उतरवायचं, आपलं काही घालायचं नाही, काढायचं नाही. घरात लिहिता येणारी मी पहिली, तेव्हा अक्षर सुरेख यावं म्हणून मी जीभ बाहेर काढून लिहिलं. थिओन ते घेऊन गेला. संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "गेला का तो?" मी म्हटलं, "गेला." ते म्हणाले, "फार लवकर गेला."

ते काय म्हणत होते, हे मला खूप उशिरा कळलं. मी जरा थांबले असते, पत्र सुकायचंय म्हणाले असते, तरी ती ओळ त्यांनी परत घेतली असती. तुझ्याकडे पोचलेली ती ओळ त्यांच्या तोंडची होती, पण माझ्या हातची होती. तेव्हापासून मी ठरवलं की मी जे लिहीन ते खरं आहे का हे आधी बघीन, मग अक्षर.

म्हणून ही ओळ मला लिहिता येत नाही. तू यावंस म्हणूनसुद्धा येत नाही. तू मला माफ करशील की नाही याचा विचार मी आज करत नाही, कारण केला तर लिहून टाकीन.


तेमेना, दाइसिओसचा बारावा दिवस

ताई, सभा झाली. घाईत लिहिते आहे, अक्षर वाईट आहे.

सकाळी मी बाईसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. आप्पांचं नाव न घेता सांगावं म्हणून फार शब्द फिरवले, पण ठसा दुसरा कोणी कोरलेला नाही, तेव्हा ते फिरवणं वेडेपणाचं होतं. त्या आरशासमोर बसल्या होत्या. आरशात बघत त्यांनी आपला उजवा हात वर करून पाहिला. मग म्हणाल्या, "मीसुद्धा पाहिला होता तो ठसा. आणि मलाही नाही दिसलं." नंतर उठल्या. "चल. हे तूच सांगायचंस."

"बाईसाहेब, सभेत मी कशी…"

"ओळ तुझी. तुझ्या ओळीबद्दल तू बोलशील."

सभागृहात आम्ही दोघीच बायका. बाईसाहेबांची जागा ठरलेली आहे, माझी नाही, म्हणून मी उभी राहिले. हेर्मोलाओस पाहुण्यांच्या बाकावर होते. आप्पा आणि ग्लिकोन ठसा घेऊन दाराशी. चिटणिसांनी ठराव वाचला आणि माझ्याकडे बोरू दिला.

मी म्हटलं, "मला ही ओळ लिहिता येत नाही. ठसा ठरावाप्रमाणे नाही. ठशावर आई उजवीकडे आहे, म्हणजे नाण्यावर ती डावीकडे येईल."

आधी कोणाला कळलंच नाही. मेनोफिलोस म्हणाले, "काय बोलते ही? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

तेव्हा दारातून ग्लिकोनचा आवाज आला, "शेटजी, आरशात बघून केस विंचरता ना? भांग कुठल्या बाजूला पडतो, ते घरी विचारा."

मागच्या बाकावर कोणी तरी हसलं, आणि मग एकदम सगळ्यांना कळलं. ताई, असा गोंगाट मी कधी ऐकला नव्हता. "फसवलं!" "लागिसानं पैसे चारले!" "जावई तिकडचा आहे ना याचा!" एकानं तर हेर्मोलाओसांच्या अंगावर बोट नाचवलं. ते म्हातारे उठून काठी शोधायला लागले, निघून जाण्यासाठी. मी मनात म्हटलं, झालं. मोडला समेट. मी मोडला.

आप्पा पुढे आले. तुला ठाऊक आहे, ते सभेत कधी बोलत नाहीत. दात गेल्यापासून चार माणसांत तोंडही उघडत नाहीत. ते मधोमध जाऊन उभे राहिले आणि गोंगाट थांबेपर्यंत थांबले.

म्हणाले, "चूक नाही झालेली. मी जाणून केलंय. मला कोणी काही दिलेलं नाही. दोनदा बघा म्हटलं, तुम्ही बघितलं नाहीत, पण ती पळवाट झाली. सरळ सांगायला हवं होतं. ते माझ्या धाकटीनं सांगितलं, बरं झालं."

मेनोफिलोस ओरडले, "पण का? आपल्या आईला डावीकडे? का?"

"माझी थोरली लागिसात नांदते," आप्पा म्हणाले. "अम्मिया नाव तिचं. तिच्या गावाला मी खालच्या बाजूला उभं करणार नाही. हात वळला नाही माझा. दोनदा घासून पुन्हा सुरुवात केली, तरी वळला नाही. आणि आपल्या दारात आलेल्याला आपण उजवीकडे बसवतो की डावीकडे? मला तर एकच रीत ठाऊक आहे. पटत नसेल तर ठसा तोडा."

अम्मिया नाव तिचं. मास्तर, हे वाक्य तिला दोनदा वाचून दाखवा. सात वर्षं आमच्या घरात हे नाव कोणी घेतलेलं नाही, आणि त्यांनी ते भरसभेत घेतलं, मेनोफिलोसांच्या तोंडावर, अख्ख्या तेमेनासमोर. माझी मान तेव्हा इतकी ताठ झाली होती की आत्ता दुखते आहे.

हेर्मोलाओसांना काठी सापडली होती, पण ते गेले नाहीत. म्हणाले, "खरं सांगू? आमच्याकडच्या कारागिरानं असं केलं असतं तर आम्ही त्याला वेशीबाहेर काढला असता. तुम्ही काय करता ते बघायला मी बसतो." आणि बसले.

बाईसाहेब उभ्या राहिल्या. "लागिसानं उजवी बाजू मागितली नव्हती. आपण दिली तर ती आपण दिली असं होईल. ज्याच्याजवळ असतं तोच देतो. तेमेनाजवळ एवढंही नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करू नयेत."

हात वर झाले. मी मोजले नाहीत, डोळ्यांत पाणी होतं. चिटणिसांनी मोजले आणि म्हणाले की ठराव बदलला. मेनोफिलोसांचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, आणि तोही अर्धाच. पण त्यांनी एक कलम जोडून घेतलं: आज्ञेविरुद्ध ठसा कोरला म्हणून पुढच्या नाण्यांचं काम पापियासकडे जाणार नाही. आप्पांनी मान डोलावली. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

मग मी कलम खोडून नवं लिहिलं: चंद्रदेव उजवीकडे. आणि खाली: ठसा पाहिला, ठरावाप्रमाणे आहे. खाली माझं नाव, आणि त्यापुढे लिहिलं, पापियासची मुलगी. हे लिहायला कोणी सांगितलं नव्हतं, पण ते खरं होतं.


तेमेना, दाइसिओसचा एकविसावा दिवस

ताई, मागे ठेवलेली सगळी पत्रं याबरोबर आहेत. मास्तर, क्रमानं वाचत इथवर आला असाल तर पाणी प्या.

परवा नाणी पाडायला सुरुवात झाली. खालचा ठसा, सम्राटाच्या चेहऱ्याचा, ऐरणीत बसवला. मी सांडशीनं तापलेली चकती त्यावर ठेवली, आप्पांनी वरचा ठसा धरला, ग्लिकोननं घण उचलला आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता मारला. पहिलं नाणं आप्पांनी पाण्यात टाकलं, काढलं, अंगठ्यानं पुसलं. खूप वेळ बघितलं. मग माझ्या हातात दिलं.

"वाच," म्हणाले.

मी वाचलं. "तेमेना आणि लागिसा यांचा एकोपा. आत्तालिस यांनी अर्पण केलं."

"पुन्हा."

पुन्हा वाचलं. स्वतः कोरलेली अक्षरं आप्पा असे कान देऊन ऐकत होते, जणू कोणी त्यांना दूरची बातमी सांगतंय. आपल्या घरात एकानं कोरायचं आणि दुसरीनं वाचायचं, असं याआधी कधी घडलं नव्हतं. चंद्रदेव उजवीकडे आहे, खांद्यामागे कोर, टोपी थोडी मागे सरकलेली. आमची आई डावीकडे आहे. तिचा सिंह मात्र तुमच्या देवाकडे जरा संशयानं बघतोय. आप्पा म्हणतात तसं काही नाही. मी म्हणते आहे.

पुढच्या वर्षीचं काम गेल्याचं वाईट वाटलं का, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, "हात मोकळे झाले." काल दिवसभर घरात फिरत होते. छिन्न्या पुसल्या, नीट असलेलं दार नीट केलं. आज सकाळी म्हणाले, "सण अजून बारा दिवसांवर आहे."

मी म्हटलं, "हो."

"पूल काय फक्त देवांसाठी बांधलाय?"

मी म्हटलं, "पण आप्पा, सणापर्यंत तुम्हाला लागिसाच्या वेशीवर अडवतील."

"तो काठीवाला म्हातारा म्हणाला होता, माझं नाव सांगा."

हेर्मोलाओसांनी असं त्यांना कधी सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

तर हे पत्र थिओनकडे दिलेलं नाही. ते आणणारा माणूस आत्ता तुझ्यासमोर बसला असेल. वाटेत त्यांनी काही खाल्लं नसणार, पुढचे दात नाहीत म्हणून त्यांना चीज मऊ लागतं, आणि उन्हात चालून आले की ते कोणाशी नीट बोलत नाहीत, त्याचा राग मानू नकोस. निघताना त्यांनी विचारलं, "त्यात काय लिहिलंयस?" मी म्हटलं, "तिथे ऐका." म्हणजे तेही हे ऐकताहेत, आणि ऐकत नसल्यासारखं दाराकडे बघत असतील. आप्पा, उठून अंगणात जाऊ नका.

तू पहिल्या निरोपात विचारलं होतंस, आप्पांनी बोलावलंय का. त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही, ताई. ते मी लिहिलं तर पुन्हा माझ्या हातची ओळ होईल, आणि या वेळी ती माझ्या हातची असू नये. ते उत्तर चालत तुझ्या दारात आलंय. मला एवढंच सांगता येतं की तेमेनात ज्यांच्या छिन्नीला जोड नाही आणि ज्यांनी भरसभेत तुझं नाव घेतलं, ते माझे वडील आहेत, आणि मी जितकी त्यांची, तितकीच तू.

मास्तर, वाचन इथे संपलं. पुढचा कागद कोरा आहे. एवढे दिवस तुम्ही माझ्या ताईपाशी बसलात, त्याबद्दल आभारी आहे. आता आपण घरी जावं. त्या दोघांचं बोलणं व्हायचं आहे.

मेल्तिने, पापियासची मुलगी